हॅमस्ट्रिंग दुखावलेला खेळाडू मैदानात परत आणताना
एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडूंचे सामने बुडवण्यात मांडीमागचा हॅमस्ट्रिंग आघाडीवर. सामन्यात १२-१५ किलोमीटर धावायचं, त्यात पळता पळता वाकून चेंडू उचलायचा. स्नायू ताणलेला असतानाच भार येतो.

एमआरआयमध्ये स्नायूच्या आतल्या टेंडनला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीला) इजा दिसली तर घाई नकोच. चालताना दुखणं थांबलं की हलकं जॉगिंग, मग जीपीएस लावून वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. दोन्ही पायांच्या ताकदीत साधारण १० टक्क्यांहून जास्त फरक नको. स्वतःच्या कमाल वेगाच्या ९० टक्क्यांपुढची दोन-तीन सत्रं न दुखता पार पडू द्या. गाडी घसरते ती इथेच: सरळ धावणं जमलं म्हणून संघात घेतात, दमलेल्या पायाने किक मारून पाहिलेलीच नसते. नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे घट्ट धरून ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवणं) नंतरही चालू ठेवा, सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र नाही.