परदेशात म्हातारे होणारे आईवडील: मुलांनी या चुका टाळाव्यात

मुलगा किंवा मुलगी सोबत असली की दवाखान्यात दुभाषी कशाला, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. घरचं माणूस मधे बसलं की दोन्हीकडची माहिती गळायला लागते. डॉक्टरांची पाच वाक्यं मुलगा एकात उरकतो, वाईट शक्यता मवाळ करून सांगतो. आणि लघवीचा त्रास, न्हाणीघरात पडणं, मनाची उदासी हे विषय आईवडील लेकरांसमोर काढतच नाहीत.

व्यावसायिक दुभाषी अपॉइंटमेंट घेतानाच मागावा. अनेक देशांत सरकारी आरोग्यसेवा तो मोफत देते, पण मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. भाषेसोबत बोलीही सांगा आणि जास्त वेळ मागून घ्या, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाणार असतं. तुम्ही जरूर जा, पण नातेवाईक म्हणून. मधली दहा मिनिटं तर बाहेरच थांबा. निघताना "समजलं ना?" विचारण्यात अर्थ नाही, त्यावर मान डोलणारच. "रात्री कोणती गोळी घेणार, दाखवा बरं" असं विचारलं की गोंधळ तिथेच उघडा पडतो.

औषधांच्या यादीत ब्रँडची नावं लिहिणं ही दुसरी चूक. देश बदलला की ब्रँड बदलतो, कधी मूळ औषधाचं नावही. पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्यावरच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. मायदेशातून आणलेली पट्टी आणि इथली बाटली वेगळी समजून दोन्ही घेतली, तर डोस दुप्पट होतो. पॅरासिटामॉलची मर्यादा निरोगी प्रौढालाही २४ तासांत ४ ग्रॅम. त्यापुढे यकृताला धोका, आणि सर्दीच्या तयार औषधांतही ते बऱ्याचदा असतं. म्हणून यादीत मूळ घटक, मिलिग्रॅम, वेळ आणि कशासाठी, असे चार रकाने ठेवा. काढे, चूर्णं, व्हिटॅमिनं त्यातच लिहा. मग सगळ्या बाटल्या पिशवीत भरून फार्मासिस्टसमोर ठेवा.

विसरभोळेपणाच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. नंतर शिकलेली भाषा स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा आधी निसटते, आणि घरचे म्हणतात, "वय झालं, आता इंग्रजी जमत नाही." उलट, परक्या भाषेत घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत धडधाकट माणसालाही कमी गुण पडू शकतात. चाचणी मातृभाषेत घ्यायला सांगा, शिक्षण किती झालंय तेही कळवा. ऐकणं, दृष्टी, बी १२, थायरॉइड आणि नैराश्य यांची तपासणी त्यासोबत व्हायलाच हवी. मात्र गोंधळ काही तासांत किंवा एकदोन दिवसांत वाढला, तर वयाला दोष देत बसू नका. संसर्ग, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कागदपत्रं "पुढे बघू" म्हणून राहतात. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज शाबूत असतानाच करता येतं. शिवाय साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत ती समज गेल्यावर, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी, निरुपयोगी ठरतं. समज गेल्यावरही ते लागू राहील असं त्यात स्पष्ट आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. मायदेशात घर किंवा बँक खातं असेल, तर तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळा कागद लागू शकतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरं असेल, तर आईवडील स्वतः सही करू शकताहेत तोवर दुरुस्त करा.

फसव्या फोनबद्दल व्याख्यान देऊ नका, एकच नियम द्या. व्हिसा रद्द होईल असं धमकावून कोणी गिफ्ट कार्डने पैसे मागितले, तर फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा. तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा, आणि फसल्यावर सांगितलं तर रागावणार नाही हे आधीच बोलून ठेवा. नाहीतर फसवणूक लपवली जाते आणि तोच माणूस पुन्हा फोन करतो.