निवडणुकीआधीच्या रविवारचा उपदेश: नव्या पाळकाला चार गोष्टी

नगर जिल्ह्यात तीस वर्षं चर्चचा पाळक म्हणून काढली, म्हणून सांगतो. उपदेश शनिवारी रात्रीच पुरता लिहून काढ. ऐन वेळी सुचलेलं वाक्यच अंगाशी येतं. मी एकदा एका उमेदवाराला ‘आपला माणूस’ म्हणून गेलो. मंडळीतली दोन घरं वर्षभर उपासनेला फिरकली नाहीत.

लिहिलेल्यातून उमेदवार, पक्ष, चिन्ह खोडून टाक. १९८८ च्या कायद्यानं धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचाराला वापरता येत नाही. पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ‘अमक्याला मत दिलं नाही तर देव कोपेल’ हे तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरणच.

मग बोलायचं काय? पाणी, रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले ते जमिनी आणि विहिरी वाचवायला, चर्चसाठी जागा मागायला नव्हे. सोबत हिंदूही होते.

उपासनेनंतर चहाला थांब. ‘मत कुणाला, पाळकसाहेब?’ असं कुणी विचारलंच, तर बिस्किटाची बशी पुढे कर. आणि उमेदवार स्वतः आला तर बसू दे बाकावर सगळ्यांबरोबर. हार नको, माईक तर नकोच नको.