स्ट्रिंग हाताळताना होणारे घोळ: या चुका टाळा

स्ट्रिंग म्हणजे प्रोग्राममधला मजकूर. ‘नमस्ते’ या स्ट्रिंगची लांबी पायथन या प्रोग्रामिंग भाषेला विचारा, उत्तर येतं ६. गो किंवा रस्ट या भाषा सांगतात १८. दोन्ही बरोबर आहेत. पायथन ३ कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक मोजते, तर गो आणि रस्ट यूटीएफ-८ (ते क्रमांक बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) चे बाइट. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. वाचणाऱ्याला मात्र तीनच अक्षरं दिसतात: न, म, स्ते.

त्यामुळे ‘पहिले १० घ्या’ म्हणत मजकूर कापू नका. बाइटवर कापलात तर शेवटी ते कुप्रसिद्ध � उगवतं. कोडपॉइंटवर कापलात तर ‘नमस्ते’चं ‘नमस्’ उरू शकतं. ग्राफीम, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारं एक अख्खं अक्षर, ओळखणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरा, पण तिची आवृत्ती बघून. देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. जुनी लायब्ररी ‘नमस्ते’चे चार तुकडे करते.

सगळ्यात छळणारी चूक तुलनेची. ‘दुसऱ्या’ शोधूनही सापडत नव्हतं, तेव्हा माझा अर्धा दिवस गेला. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे! एकात ‘ऱ’ हा एकच कोडपॉइंट होता, दुसऱ्यात ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगवेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणणं, केलं की हे दोन्ही एक होतात. पण कोणी ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असं टाइप केलं असेल, तर एनएफसी काही करत नाही. तो बदल आपणच लिहावा लागतो. शंका आली की आधी कोडपॉइंट छापून बघा, डोळ्यांवर विसंबू नका.

जुने सल्लेही तपासून घ्या. जावा या भाषेत पूर्वी सबस्ट्रिंग, म्हणजे स्ट्रिंगमधून काढलेला तुकडा, मूळ स्ट्रिंगचाच अ‍ॅरे (मेमरीतली अक्षरांची रांग) वापरायची. चार अक्षरांच्या तुकड्यापायी अख्खी फाइल मेमरीत अडकून राहायची, म्हणून लोक मुद्दाम नवी स्ट्रिंग बनवत. २०१२ च्या जावा ७यू६ (सातव्या आवृत्तीचं सहावं अपडेट) पासून ती स्वतःच प्रत काढते, तरी ती जादाची ओळ अजून कोडमध्ये दिसते. त्याच वर्षी पायथन ३.३ ने साठवण बदलली: मजकुरातल्या सर्वांत मोठ्या कोडपॉइंटप्रमाणे प्रत्येकाला १, २ किंवा ४ बाइट. लांबलचक मराठी मजकुरात एक इमोजी आली, की सगळी स्ट्रिंग जवळपास दुप्पट जागा घेते.

लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) स्ट्रिंग + ने जोडत बसणं टाळा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याऐवजी पायथनमध्ये जॉइन किंवा जावात स्ट्रिंगबिल्डर वापरा.