संख्याशास्त्राची उदाहरणं सोडवताना आधी ‘पैकी’ शोधा

“मामा, माझं ०.४ आलं, तुझं ०.३८. एवढा फरक चालतो ना?”

भाची बी.कॉम.ला आहे. रविवारी वही घेऊन आमच्याकडे येते आणि मी तिला नाशिकच्याच मालावर उदाहरणं रचून देतो. हे द्राक्षांचं होतं. एका क्रेटात दहा पाऊच, त्यांतल्या दोनांत सडके मणी. न बघता, परत न ठेवता दोन पाऊच उचलले, तर किमान एक खराब निघण्याची संभाव्यता किती? तिनं २/१० मध्ये २/१० मिळवले आणि ०.४ लिहून मोकळी झाली.

फरक चालत नाही. उत्तर थोडंसं चुकलेलं नव्हतं, रीतच चुकली होती. आकडे लहान असले की चुकीची रीतही खऱ्या उत्तराच्या आसपास पोचवते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. अशा वेळी आकडा ताणून बघायचा. दोनऐवजी सहा पाऊच उचलले तर? तिच्या रीतीनं सहा वेळा ०.२, म्हणजे १.२. संभाव्यता १ च्या वर जातच नाही. तिनं स्वतःच पेन खाली ठेवलं.

आता हेच उदाहरण पायरीपायरीनं.

पहिली पायरी सूत्राची नाही, वाक्याची. प्रश्न आपल्या भाषेत लिहून काढा आणि त्यात ‘पैकी’ हा शब्द आलाच पाहिजे, असा नेम ठेवा. ‘दहापैकी आठ चांगले.’ पैकीच्या आधी येतो तो छेद, नंतर येतो तो अंश. मग दुसऱ्या पाऊचचं वाक्य: पहिला चांगला निघून बाहेर गेला, म्हणजे आता ‘नऊपैकी सात चांगले’. छेद बदलला. पाऊच परत क्रेटात ठेवायचा असता तर तो दहाच राहिला असता. प्रश्नातले ‘परत न ठेवता’ हे तीन शब्द म्हणूनच अधोरेखित करायचे.

दुसरी पायरी: ‘किमान एक’ दिसलं की उलटं मोजा. किमान एक खराब म्हणजे ‘एकही खराब नाही’ याच्या बाहेरचं सगळं. दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता ८/१० × ७/९ = ५६/९०. ती १ मधून वजा केली की ३४/९०, म्हणजे सुमारे ०.३८. पाऊच परत ठेवले असते तर १ – ०.६४ = ०.३६.

ही मिळवणीची चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा गाजलेला पत्रव्यवहार झाला, तोही जुगारातल्या कोड्यांवरूनच. फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता मिळवणीनं ४/६ येते. खरी १ – (५/६)⁴, म्हणजे ०.५२ च्या जवळ.

तिसरी पायरी पडताळ्याची. भाचीनं कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या दहा चिठ्ठ्या केल्या, दोनांवर लाल फुली मारली आणि स्टीलच्या डब्यातून दोन-दोन काढत बसली. असं जरूर करा. मात्र पन्नास वेळा काढून ०.३८ बरोबर की ०.४०, हे ठरत नाही; एवढा बारीक फरक दिसायला काही हजार वेळा काढावं लागेल. उत्तर ०.३८ की ०.८३, एवढं मात्र पन्नास खेपांत कळतं.

‘पैकी’चा खरा कस लागतो तो सशर्त संभाव्यतेत, म्हणजे एक गोष्ट झालीच आहे असं धरून दुसरीची संभाव्यता काढताना. समजा बागेत द्राक्षाच्या हजार वेली आहेत आणि पन्नासांवर डावणी हा रोग आहे. पाहणी करणारा रोगट वेलींपैकी ९० टक्के बरोबर ओळखतो, पण निरोगींपैकी १० टक्क्यांवरही चुकून खूण करतो. खूण केलेली वेल खरंच रोगट असण्याची संभाव्यता किती? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. इथे बेजचं सूत्र आठवत बसू नका, हजार वेली मोजा. रोगट पन्नासपैकी ४५ वर खूण. निरोगी ९५० पैकी ९५ वर खूण. एकूण खुणा १४०. ‘१४० पैकी ४५’, म्हणजे साधारण ३२ टक्के. ९० टक्के हा आकडा ‘रोगटांपैकी’ होता, प्रश्न ‘खूण केलेल्यांपैकी’ असा आहे. माझ्या मते ही अदलाबदल सोडली तर या प्रकरणात अवघड असं फारसं काही नाही.

सरासरीच्या उदाहरणांना लासलगावचा कांदा घ्या. भावाच्या बातमीत किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे असतात. समजा सात ट्रॉल्यांना क्विंटलला असे भाव मिळाले: ९००, १२५०, १३००, १३५०, १४००, १४००, २४००. बेरीज १०,०००, मध्य म्हणजे सरासरी १४२८.५७. मध्यक म्हणजे ओळीतला मधला, इथे चौथा, १३५०. बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला, १४००. आता वही बाजूला ठेवून विचारा: सरासरीपेक्षा जास्त भाव किती जणांना मिळाला? सातपैकी एकाला! एकट्या २४०० नं सरासरी वर ओढली.

इथे थांबू नका. पहिल्या सहा ट्रॉल्यांत प्रत्येकी २० क्विंटल माल असेल आणि २४०० वाल्याकडे फक्त ५, तर भारित मध्य काढावा लागतो, म्हणजे प्रत्येक भाव त्याच्या क्विंटलांनी गुणून: १,६४,००० भागिले १२५, म्हणजे १३१२. आधीचा मध्य ‘ट्रॉल्यांपैकी’ होता, हा ‘क्विंटलांपैकी’. शेतकऱ्याला विचाराल तर तो हा दुसराच खरा म्हणेल.

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्याभोवती किती पसरलेत याचं माप, एकदा हातानं काढा, पुढे कॅल्क्युलेटर आहेच. समजा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून नाशिकरोडला बसनं पाच दिवस लागलेली मिनिटं ३८, ४०, ४०, ४२, ५० (पन्नासच्या दिवशी वाटेतल्या द्वारका चौकात अडकली असं धरा). मध्य ४२. फरक –४, –२, –२, ०, ८. त्यांची बेरीज शून्य आली नाही तर तिथेच थांबून चूक शोधा. वर्गांची बेरीज ८८. हेच पाच दिवस सगळा डेटा असतील तर भागिले ५ आणि त्याचं वर्गमूळ, विचलन ४.२. नेहमीच्या प्रवासाचा नमुना म्हणून घेतले असतील तर भागिले ४ आणि वर्गमूळ, विचलन ४.७.

सराव किती करावा? एका बैठकीला पाच-सहा उदाहरणं पुष्कळ झाली, पण वेगवेगळ्या प्रकरणांतली, मिसळून. ‘सशर्त संभाव्यता’ या मथळ्याखालचं उदाहरण सुटतं यात नवल नाही, रीत मथळ्यानंच सांगितलेली असते. उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, न बघता उचला. चुकलेली चिठ्ठी परत डब्यात. बरोबर आलेली बाहेर, पण तिच्यावर ‘पैकी’चं वाक्य लिहिलेलं असेल तरच. भाचीच्या डब्यात द्राक्षांची चिठ्ठी अजून आहे.