एलईडी पार लावताना या चुका टाळा

पार म्हणजे स्टेजवर उजेडाचा झोत टाकणारा दिवा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की माझा फोन रात्री साडेदहानंतरच वाजतो. ‘दादा, पार लुकलुकता.’ ‘दादा, तिसरो पार ऐकणा नाय.’ मागे मृदंग वाजत असतो, म्हणजे नाटकाला तोंड लागलेलं. दुपारी चार वाजता हाच फोन केला असता तर काय बिघडलं असतं? पण दुपारी पोरं झोपलेली असतात.

माझा सगळ्यात जुना राग म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही फेडर, म्हणजे लाइटच्या बोर्डावरच्या सरकत्या दांड्या, वर सारून केलेला पांढरा. कुडाळच्या पलीकडे एका गावात दशावतार होता. पार नवे कोरे होते आणि लावणारा पोरगाही तसाच. संकासुर आला तेव्हा काही जाणवलं नाही, कारण तो सगळाच काळा. मग राजा आला. गुलाबी रंग लावलेला माणूस, पण तोंड राखेसारखं, ओठ जांभळे, दागिने पत्र्याचे वाटावेत असे. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, ‘गे बाय, हेका काय झाला?’ राजा आत आला तो थेट आमच्या बोर्डाकडे. ‘बाबू, मी अजून मरूक नाय रे. माझा मरण उजाडताना आसा!’

झालं होतं एवढंच. तीन रंग मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं खरं, पण त्या उजेडात हिरवा आणि लाल यांच्या मधला पिवळा-नारिंगी पट्टा जवळजवळ रिकामा असतो. पारातला हिरवा चिप, म्हणजे बारीक एलईडी, ५२५ नॅनोमीटर लहरलांबीच्या आसपास, लाल ६२५ च्या. माणसाची कातडी आणि तोंडाचा रंग उठतो तो नेमका या मधल्या जागेवर. जुन्या १००० वॅटच्या हॅलोजन पारमध्ये ती जागा भरलेली असायची. तो वीज खायचा, हात भाजायचा, पण माणसाला माणूस दाखवायचा. त्यात स्वस्त पारचा निळा बहुतेक वेळा जोरकस असतो, म्हणून सगळं फुल्ल केलं की निळसर झाक आलीच.

माझी सवय सांगतो. पारात पांढरा चिप असेल तर तो पूर्ण, त्यावर लाल पाव, हिरवा नखभर, निळा शून्य. मग रंग लावून बसलेल्या एका नटाला बाकड्यावर बसवायचं आणि समोर जाऊन त्याच्याकडे बघायचं. बोर्डाकडे नाही, त्याच्याकडे. रंगपटात तो पिवळ्या बल्बखाली आरशात बघून रंग लावतो, तेव्हा स्टेजवरचा उजेड त्या बल्बच्या जवळपास हवा. लाल-निळ्याची हौस मागच्या पडद्यावर फेडा. समोरचे दोन-तीन पार वॉर्म व्हाइटचेच, म्हणजे पिवळसर पांढरे, घेतले तर कटकटच मिटते. पण दुकानात गेल्यावर पोरांना रंग बदलणाराच पार हवा असतो.

पार अगदी समोरून, नाकाच्या रेषेत लावू नका. चेहरा परातीसारखा सपाट दिसतो. दोन बाजूंनी, वरून, तिरपे लावा.

आता पत्ता, म्हणजे बोर्डाचा हुकूम पारने कितव्या चॅनेलपासून ऐकायचा तो नंबर. पारच्या एकेका रंगाला, डिमरला, स्ट्रोबला एकेक चॅनेल लागतो. आठ चॅनेलचा पार असेल तर पहिला १, दुसरा ९, तिसरा १७, चौथा २५. एवढा पाढा शाळेत शिकवतात. तरी दर वर्षी कुणीतरी १, २, ३, ४ लावतो आणि मग दुसऱ्या पारचा पांढरा चढवला की पहिला पार स्ट्रोब मारायला, म्हणजे भकाभक लुकलुकायला लागतो, कारण त्या चॅनेलवर पहिल्याचा स्ट्रोब बसलेला असतो. ‘पीस खराब आसा’ म्हणून दुकानदाराशी भांडून आलेलेही मी बघितलेत. चॅनेलचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. डब्यातला कागद फेकू नका, निदान त्याचा फोटो काढून ठेवा.

दुसरा राग माईकच्या केबलवर. देवगडकडे एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. चौदा पार, आणि डीएमएक्ससाठी, म्हणजे बोर्डाचा हुकूम पारांपर्यंत नेणाऱ्या सिग्नलसाठी, साऊंडवाल्याकडून उसनी आणलेली माईक केबल, तीस-पस्तीस मीटर. संध्याकाळी सगळं झकास. कोळीनृत्य सुरू झालं आणि शेवटचे तीन पार पिसाळले. मुलं पुढे सरकली की लाइट मागे पळतोय! पोरगा एकेका पारला थपडा मारत फिरत होता. मी खिशातून एक प्लग काढून शेवटच्या पारच्या ‘आऊट’मध्ये खुपसला. तिन्ही पार गप्प.

त्या प्लगात जादू काही नाही. नर एक्सएलआर, म्हणजे माईकच्या केबलला असतो तसा पिनांचा प्लग, त्यात २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर झाळलेला. रेझिस्टर काही रुपयांचा आणि काम पाच मिनिटांचं. भरतीची लाट धक्क्यावर आपटून मागे फिरते आणि पुढून येणाऱ्या लाटेत गोंधळ घालते, तसा सिग्नल केबलच्या टोकावर आपटून परत येतो. रेझिस्टर त्याला तिथेच जिरवतो. डीएमएक्सची केबल याच १२० ओहमच्या हिशोबाने केलेली असते, माईकची नसते. माईकची केबल पाच-दहा मीटरला चालून जाते, आणि तिथेच पोरं सोकावतात. त्या रात्री प्लगने भागलं म्हणून दर वेळी भागेल असं नाही. केबल घ्याच. एका लायनीत ३२ च्या वर पार नकोत. वाय जोडून फाटे फोडू नका, स्प्लिटर, म्हणजे सिग्नल वाटून देणारा डबा, घ्या.

साऊंड मोडवर, म्हणजे आवाजाच्या ठेक्यावर आपोआप बदलायला, पार सोडून चहाला जाऊ नका. सीता रडत होती आणि पार मृदंगावर नाचत होता, हे मी बघितलंय.

मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे येतात ते डिमर खाली ओढल्यामुळे. एलईडी मंद होत नाही, भराभर चालू-बंद होते आणि कॅमेऱ्याला ते दिसतं. मी डिमर फुल्ल ठेवतो आणि पार मागे सरकवतो.

अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांचा प्लग बसवणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. दशावतारी नट अनवाणी असतात आणि जमीन ओली असते.

राहिली आपली हवा. पौषात मध्यरात्रीनंतर दहिवर असं पडतं की पारावरून पाणी ओघळतं. आयपी हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा. साधा पार आयपी २० चा, म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. आयपी ६५ घेतला तरी उघडी एक्सएलआरची जोडणी ६५ ची होत नाही. ती जमिनीवर लोळवू नका. तारकर्लीला किनाऱ्यावर लग्न करून आलेले पार तसेच पेटीत कोंबले तर महिन्याभरात पिना हिरव्या होतात आणि पंखा घरघरतो. दहीकाला झाला की मी पार देवळाच्या अंगणात ओळीने उन्हात मांडतो, ओलसर फडक्याने मीठ पुसतो आणि जाळी कोरडी होईपर्यंत पेटी उघडत नाही. टेम्पोवाला हॉर्न मारत बसतो. त्याला चहा पाठवायचा.