स्पेलचेक सोडून देतो त्या चुका

मराठी माध्यमातून शिकून फोर्टमधल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीत लागलो. पहिल्याच महिन्यात कर्जदाराला जाणाऱ्या पत्रात 'प्रिन्सिपल अमाउंट' लिहिताना शेवटी पीएएलऐवजी पीएलई पडलं. कॉम्प्युटरने लाल रेघ मारली नाही, कारण तोही खराच शब्द. फक्त त्याचा अर्थ 'तत्त्व'. सहीला गेलेलं पत्र त्या शब्दाभोवती गोल काढून परत आलं.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, मुद्दल म्हणजे कर्जातली मुख्य रक्कम. कॉलेजचे प्राचार्यही मुख्यच. दोघांचं स्पेलिंग एक." त्यानंतर पुन्हा कधी चुकलो नाही.

म्हणून नवीन लागणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्यांच्या याद्या पाठ करू नका. यादीत शेजारी बसलेले शब्द ऐन वेळी जागा बदलतात. एकच शब्द धरा, तोही रोजच्या कामातल्या वाक्यासकट. ऑफिस ऑर्डरमध्ये 'विथ इफेक्ट फ्रॉम' असतंच. तिथला इफेक्ट ईने, म्हणजे परिणाम. परिणाम करणं हे क्रियापद ए लावून.

स्टेशनरीचं मला फार आवडतं. सिग्नलला थांबलेली लोकल एआरवाय, कागद-पेनं ईआरवाय, ई एन्व्हलपचा. पण मूळ एकच. मध्ययुगात बहुतेक विक्रेते माल घेऊन गावोगाव फिरत. एका जागी दुकान थाटून पुस्तकं विकायचा तो स्टेशनर. दादर स्टेशनबाहेर फेरीवाला आणि गाळेवाला रोज बघणाऱ्याला हे चटकन पटेल.

मेलमध्ये सर्रास दिसणारं 'प्लीज ॲडव्हाइस' चूक आहे. सल्ला हे नाम, म्हणून सी आणि उच्चार 'स'. सल्ला देणं हे क्रियापद, म्हणून एस आणि उच्चार 'झ'. प्रॅक्टिस आणि लायसन्समध्ये उच्चार मदतीला येत नाही, पण आपल्याकडच्या ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत नियम तोच. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही ड्रायव्हिंग लायसन्स सीनेच आहे. अमेरिकेत लायसन्स दोन्ही अर्थी एसने आणि प्रॅक्टिस दोन्ही अर्थी सीने, तेव्हा कॉम्प्युटरवर कुठली इंग्रजी निवडलेली आहे ते आधी बघा.

महत्त्वाचं पत्र मी आजही कागदावर काढून वाचतो. असा शब्द आला की त्यावर पेन टेकवून मनात विचारतो : मुद्दल, की तत्त्व?