माजघरातला रेडॉन मोजायचा तर

ओट्याला ग्रॅनाइट बसवून घेणारं गिऱ्हाईक हल्ली हमखास विचारतं, "यातनं तो रेडॉन गॅस येतो म्हणे?" खानापूर-बेळगाव पट्ट्यात गवंडीकामाची कंत्राटं घेतो मी, माझं उत्तर ठरलेलं आहे. येतो थोडा, पण ओट्यापेक्षा जोत्याखाली बघा.

रेडॉन हा किरणोत्सारी वायू, तो जमिनीतून येतो. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम होतं, रेडियमपासून रेडॉन. कोब्याच्या भेगांतून, पाइपाभोवतीच्या फटींतून तो घरात शिरतो आणि बंद खोलीत साठतो. वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. निपाणीकडच्या बिडी ओढणाऱ्या पाहुण्यांना हे मुद्दाम सांगतो, कारण धूम्रपान करणाऱ्याला हा धोका कितीतरी जास्त.

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या खडकात युरेनियम कमी असतं. बैलहोंगल तालुक्यात देशनूरला वालुकाश्मात ते सापडलेलं आहे. पण गावावरून अंदाज बांधू नका; एकाच गल्लीतल्या दोन घरांत आकडे वेगळे निघतात.

मोजायला एक छोटी डबी मिळते, आत फिल्म असते. रेडॉनमधून सुटणारे बारीक कण (अल्फा कण) तिच्यावर खुणा पाडतात, त्या प्रयोगशाळेत मोजतात. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत हे काम चालतं; मंगळूर विद्यापीठात पर्यावरणातल्या किरणोत्सारासाठी वेगळं केंद्रच आहे, तिथे विचारून बघा.

डबी सोप्यात नको, तिथे दार दिवसभर उघडं. तळमजल्यावर माणसं निजतात त्या खोलीत, बहुतेक जुन्या घरांत म्हणजे माजघरात, टांगा. भिंतीला चिकटवू नका, वीतभर तरी लांब ठेवा. उंची झोपणाऱ्या-बसणाऱ्याच्या नाकाच्या आसपास. खिडकी, पंखा, चूल, न्हाणी यांपासून दूर. मग तीन महिने विसरून जा. घर नेहमीसारखं वापरा. चांगला आकडा यावा म्हणून मुद्दाम खिडक्या उघडणारे महाभाग असतात. त्यांनी डबी न लावलेलीच बरी. आमच्या खानापुरात पावसाळाभर खिडक्या बंद, उन्हाळ्यात सताड उघड्या, म्हणून जमलं तर वर्षभर डब्या बदलत मोजा. कोळशाच्या डबीने दोन-चार दिवसांत उत्तर मिळतं, पण ते तेवढ्याच दिवसांचं. ती लावण्याआधी बारा तास आणि मोजणी चालू असेपर्यंत दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, ये-जा करण्यापुरतं दार उघडायचं.

निकाल घनमीटर हवेला किती बेकेरेल (किरणोत्सार मोजायचं माप) असा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 100 ची पातळी सुचवली आहे. ते जमत नसेल तिथेही 300 च्या वर जाऊ नये म्हणते. 120 आला म्हणून घर विकायला काढू नका. समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवा, कोब्याच्या भेगा आणि पाइपाभोवतीच्या फटी भरून घ्या. बोअरचं पाणी पिता? आधी हवेशीर जागी उकळा, त्यातला रेडॉन उडून जातो.

आकडा फारच वर गेला, तर कोब्याखालून पाइप काढून छपराच्या वर न्यायचा आणि त्याला पंखा लावायचा. खालची हवा बाहेर ओढली जाते. नवं घर बांधत असाल तर हे आत्ताच करा: मुरमाच्या भरावावर चार इंच खडीचा थर, त्यात पाइप, वर जाड प्लास्टिक, मग कोबा. नंतर फरशी फोडून करायला मी दुप्पट पैसे घेतो. काम झालं की त्याच खोलीत, त्याच जागी, त्याच ऋतूत पुन्हा डबी लावा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होणार नाही.